खारपाणपट्ट्यातून गुहागरला

गुहागरला आम्ही समुद्र पाहायला गेलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. परत आल्यापासून जो तो विचारतो, समुद्र कसा होता? मला धड उत्तर देता येत नाही. समुद्र समोरच होता, पण माझं चित्त काही थाऱ्यावर नव्हतं.

आम्ही गेलो होतो घर पाहायला. आमची मुलगी पल्लवी पुण्यात नोकरी करते. तिथंच तिची निखिलशी ओळख झाली. मुलगा गुहागरचा. दोन वर्षांपूर्वी पुण्याची नोकरी सोडून तो घरच्या वाडीत, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, परत गेला. पर्यटकांसाठी दोन खोल्याही काढल्या. पल्लवीचं काम संगणकावरचं, कुठूनही करता येण्यासारखं. लग्न झालं तर ती तिकडेच राहणार. विषय निघाला तेव्हा मी तिला म्हणालो, "मी घर पाहून येतो अन् सांगतो." ती बरं म्हणाली. आता हो किंवा नाही, काहीतरी एक सांगायची जबाबदारी माझ्यावर होती.

आमचं गाव अकोल्याहून दर्यापूरकडे जाताना लागतं. जमीन काळी, खोल, सोन्यासारखी. आणि तिच्या पोटातलं पाणी खारं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांचा हा खारपाणपट्टा. समुद्र शेकडो कोस लांब, पण विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. पिकाला द्यावं तर जमीन दगडासारखी होते. म्हणून आम्ही पावसाच्या ओलीवर तूर, कपाशी, हरभरा घेतो आणि विहिरीकडे फारसं बघत नाही. पूर्वी या गावांत मुली द्यायला लोक कचरत. आता नळयोजना आहे, पण नळाचा काही नेम नाही. मी स्वतः अकोल्यात माती-पाणी तपासणीच्या एका खासगी प्रयोगशाळेत काम करतो. दिवसभर लोकांच्या विहिरींचं पाणी काचेच्या नळीत धरून आकडे लिहिणं हाच धंदा. त्यामुळे मुलीला समुद्राच्या कडेला द्यायची म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिला विचार कोणता आला असेल, हे सांगायला नको. काळ्या मातीत हे हाल, तर रेतीत काय असेल?

बॅगेत मी पाण्यातले क्षार मोजायचा पेनाएवढा मीटर टाकला. बायकोला, शोभाला, सांगितलं नाही.

शनिवार, खालचा पाट

रेल्वे आणि एस.टी.चा प्रवास सांगण्यासारखा नाही. कुंभार्ली घाटात शोभाला मळमळलं आणि चिपळूणच्या पुढं मला. एका वळणानंतर दुसरं वळण, आणि दोन्हीकडं झाडी. आमच्याकडं नजर टाकली की ती आभाळाला टेकेपर्यंत अडत नाही. इथं ती हातभर अंतरावर अडते. शोभा म्हणाली, "मानूस हरवला त दिसाचा नाही इथं." मला ते वाक्य आवडलं नाही.

गुहागर गाव म्हणजे एक लांबच लांब रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना घरं. समुद्राकडच्या रांगेतल्या प्रत्येक घरामागं वाडी, वाडीमागं सुरूचं बन, आणि मग रेती नि पाणी. निखिलचं घर खालच्या पाटात, म्हणजे गावाच्या एका अंगाला. जांभ्या दगडाचं, कौलारू, फार मोठं नाही. अंगणात सुपाऱ्या वाळत घातलेल्या. आमच्याकडं अंगणात तूर पसरलेली असते तशाच, फक्त यांच्यावरून चालता येत नाही. मी घसरलो. निखिलच्या वडिलांनी, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, हात धरला म्हणून उभा राहिलो.

"सावकाश," ते म्हणाले, "आमच्याकडे पाव्हणा पहिल्यांदा सुपारीवरच पडतो."

जेवायला निखिलच्या आईनं आमच्यासाठी मासे सोडून सगळं केलं होतं. तांदळाची भाकरी, वालाची उसळ, ओल्या खोबऱ्याची चटणी, सोलकढी. चव चांगली होती, पण सगळ्यात खोबरं आणि कशातही तिखट नाही. आमच्याकडच्या भाजीत डोळ्याला पाणी आलं नाही तर सुगरणीला कमीपणा. आणि इथंच पहिला घोटाळा झाला. आमच्याकडं वाढायला आलं की ताटावर हात आडवा धरून "नको जी, नको" म्हणायचं असतं. वाढणाऱ्यानं "घ्या न जी, लाजता काय?" म्हणत हाताच्या फटीतून वाढायचं असतं. माणूस खराच पोट भरून उठतो तो या ओढाताणीनंच. मी सवयीनं "नको" म्हणालो. निखिलच्या आई "बरं" म्हणाल्या आणि भाकरीची टोपली घेऊन आत गेल्या. दुसऱ्यांदा भात आला तेव्हाही मी "नको" म्हणालो. भातही गेला.

खोलीत आल्यावर शोभा म्हणाली, "म्हना आनखी नको."

"त्यायले आग्रहच नाही करता येत."

"तुमाले मांगता नाही येत. मी पहिल्याच खेपेले घे म्हटलं. माह्यं पोट भरलं."

दुपारी निखिल मला मोटारसायकलवर शेजारच्या असगोली गावाकडं होड्या दाखवायला घेऊन गेला. मुलगा बोलायला नीट. मी विचारलं, पुणं का सोडलं? तो म्हणाला, "अण्णांचा गुडघा गेला. पोफळीवर चढायला माणूस मिळत नाही. कोणीतरी घरी हवं होतं, आणि बहीण लग्न होऊन गेली." त्यानं निसर्गाबद्दल एक शब्दही काढला नाही, याचं मला बरं वाटलं. मग मी विचारलं, "पल्लवीला पोहता येत नाही, माहीत आहे ना?" तो हसला. "मलाही येत नाही," म्हणाला.

समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला पोहता येत नाही, हे ऐकून मला आणखीनच अस्वस्थ वाटलं.

समुद्राविषयी एवढंच सांगतो. तो थांबत नाही. आमच्या शिवारात दुपारी उभं राहिलं तर कपाशीत कुठं मोर ओरडला तरी ऐकू येतं. इथं तो आवाज घरात, वाडीत, जेवताना, सगळीकडं. मला वाटायचं कोणीतरी धान्य पाखडतंय आणि पाखडणं संपतच नाही. इथल्या माणसांना मात्र तो ऐकूच येत नाही. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "कसला आवाज?"

रविवार, विहीर

उजाडलं तसा मी उठून वाडीत गेलो. विहीर घरामागंच, दगडी काठाची, शेजारी जुना रहाट मोडून पडलेला आणि त्याच्या जागी पंप. तिथून समुद्र इतका जवळ की हाक मारली तर ऐकू जाईल. मी पोहऱ्यानं थोडं पाणी काढलं, तांब्यात घेतलं आणि खिशातून मीटर काढून बुडवला. आकडा पाहून विश्वास बसला नाही. मीटर झटकला, पुसला, परत बुडवला. तोच आकडा. आमच्या गावच्या विहिरीत जेवढे क्षार सापडतात, त्याचा दहावा हिस्सादेखील नव्हता. घोट घेतला. गोड पाणी. अगदी मेळघाटातल्या झऱ्यासारखं.

याचं शास्त्र मला माहीत आहे. पावसाचं पाणी रेतीत मुरतं, ते हलकं असतं, म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. हे मी लोकांना कितीदा समजावलं असेल. पण आयुष्यभर आकडे लिहिलेल्या माणसाला समुद्राच्या तोंडावर गोड्या पाण्याचा घोट घेताना ते शास्त्र आठवत नाही. मी तिसऱ्यांदा मीटर बुडवला.

"काय मोजताय?"

निखिलच्या आई मागं उभ्या होत्या. डोक्याला पदर, हातात कळशी. मी खरं तेच सांगितलं. "पाणी. क्षार किती आहेत ते पाहत होतो."

त्यांनी मीटरकडं एकदा पाहिलं. कळशी भरली आणि घरात गेल्या.

चहा आला, पण तो अण्णांनी आणला. पोहे आले, ते निखिलनं आणले. त्या समोर आल्याच नाहीत. शोभानं माझ्याकडं पाहिलं. मी तिला खोलीत नेऊन सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"पाव्हन्याच्या घरचं पानी मोजते का कोनी? उद्या त्यायनं येऊन आपल्या पोरीचे दात मोजले म्हंजे?"

"मोजल्याशिवाय कसं समजन?"

"पिऊन समजते. सारं गाव पिऊन समजते."

तेवढ्यात पल्लवीचा फोन आला. पुण्याला बातमी माझ्या चहाआधी पोचली होती.

"बाबा, तुम्ही त्यांच्या विहिरीत काही सोडलं का?"

"सोडलं नाही. बुडवून काढलं. तेही तांब्यात."

"निखिल म्हणतो आई सकाळपासून गप्प आहे. ती कधी गप्प नसते."

ती रडवेली झाली नव्हती, पण तिचा आवाज जरा वर गेला होता. लहानपणी पडल्यावरही ती अशीच बोलायची, आधी हिशेबानं आणि मग एकदम. मी म्हणालो, पाहतो. फोन ठेवल्यावर मी अंगणात फेऱ्या घालायला लागलो. सुपाऱ्यांच्या कडेनं, जपून. मी या घराला नाही म्हणायचं की हो म्हणायचं, याचा विचार करत आलो होतो. हे घरच आम्हाला नाही म्हणेल, हे मनातसुद्धा आलं नव्हतं. आणि तसं झालं असतं तर पल्लवीला मी काय सांगणार होतो? पाणी उत्तम निघालं म्हणून?

दुपारी जेवणाआधी निखिलच्या आई ओटीवर सुपारी सोलायला बसल्या. शोभा जाऊन शेजारी बसली. तिनं न विचारता एक सुपारी उचलून सोलायला घेतली आणि बोटात कुसळ घुसवून घेतलं. दोघी त्यात गुंतल्या. मग निखिलच्या आईंनी मान वर न करता मला विचारलं, "भाऊ, सकाळी काय आकडा आला?"

मी सांगितला.

"चांगला की वाईट?"

"उत्तम. आमच्या प्रयोगशाळेत इतकं चांगलं पाणी क्वचित येतं."

"मग तुम्ही चुकीच्या महिन्यात आलात," त्या म्हणाल्या. "वैशाखात या. मचूळ होतं. चहा नासतो, डाळ शिजत नाय. पाऊस पडेपर्यंत तसंच. वर देवळाकडं एक विहीर हाय, तिथून कळशीनं पाणी आणायचं. मी आणलं, तुमच्या मुलीलापण आणायला लागेल. निखिल टाकी बांधतो बांधतो म्हणतो, अजून बांधलेली नाय."

निखिल आत होता. त्यानं हे ऐकलं असणार, कारण आतली भांडी वाजायची थांबली.

"हे मी आज जेवताना सांगणारच होते," त्या म्हणाल्या. "पोरगी देणाऱ्याला सांगायलाच हवं ना. त्याच्या आधीच तुम्ही मोजायला गेलात. मोजलंत त्याचं काय नाय. न विचारता मोजलंत, ते लागलं."

मी चुकलो म्हणालो. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि शोभाकडं वळल्या. "तुमच्याकडं कसं असतं पाणी?"

मी नळयोजनेबद्दल सांगायला तोंड उघडलं. खरं तेच सांगितलं असतं, पण जरा मांडून. शोभानं मला तेवढा वेळच दिला नाही.

"आमच्याकडं बाराई महिने वैशाखच हाय जी," ती म्हणाली.

अण्णा ठसका लागेपर्यंत हसले. निखिलच्या आईसुद्धा हसल्या. जेवायला बसलो तेव्हा भाकरी दुसऱ्यांदा आली आणि माझा हात सवयीनं ताटाकडं गेला. निखिलच्या आई थबकल्या. शोभा म्हणाली, "वाढा जी. यायच्या नाहीचा अर्थ हो असते." मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

रविवारीच, किनाऱ्यावर

पण चैन पडेना. आता तर दोन्ही पारडी भरली होती. पाणी चांगलं, पण वर्षातून दीड-दोन महिने नाही. माणसं चांगली, पण आमच्यापासून इतक्या लांब की पोरीला ताप आला तर आम्ही पोचेपर्यंत उतरलेला असायचा. ऊन उतरल्यावर शोभाला घेऊन किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या बनातून बाहेर पडलं की एकदम सगळं उघडं होतं. दोन दिवसांत पहिल्यांदाच मला आमच्या शिवारासारखी लांब, सरळ रेघ दिसली. शोभा पाण्याच्या कडेला बसली. मला बसवेना. मी तिच्यामागं येरझाऱ्या घालत राहिलो, आणि प्रत्येक वेळी माझी पावलं पुसलेली दिसली.

"बसा न एका जाग्यावर," ती म्हणाली. "समुद्र एक येऊन जाऊन राह्यला, तेवढा पुरे हाय."

मी बसलो. बरेच दिवस मनात होतं ते बोललो. "तुह्या बाबांनं आमचं पानी आधी चाखलं असतं, त तुले आमच्या घरी देलं नसतं."

शोभाचं माहेर चांदूर रेल्वेकडचं, गोड्या पाण्याच्या गावातलं. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात तिचे केस पाण्यानं चिकट होऊन जायचे आणि ती काही बोलायची नाही. मी कायम धरून चाललो होतो की तिच्या वडिलांनी चौकशी न करता मुलगी दिली.

"चाखलं होतं न," शोभा म्हणाली.

"कधी?"

"तुमच्या घरी आले तवाच. पेला तोंडाले लावला अन् खाली ठेवून देला. घरी येऊन मले म्हने, शोभे, पानी खारं हाय, नाही म्हन."

"मग?"

"मग काय? मी नाही म्हटलं नाही."

"कावून?"

"आता कावून म्हंजे? तुमी आले होते न मले पाहाले. सारं मोजूनच ठरवाचं असते का मानसानं?" ती लाटेकडं बघत होती. "पन त्यायनं मले इचारलं होतं. तुमी पोरीले इचारलं का?"

मी म्हणालो, तीच म्हणाली पाहून सांगा म्हणून.

"ते तुमी म्हनले. पोरगी नुसती बरं म्हनली."

तिथूनच फोन लावला. वाऱ्यानं नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून उठून सुरूच्या झाडाआड गेलो. पल्लवीनं पहिल्याच घंटीला उचलला.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही झालं. तुले काय वाटते, ते सांग."

"कशाबद्दल?"

"या घराबद्दल. इथं येऊन राहाबद्दल."

तिकडं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मला जायचंय तिकडे, बाबा."

"वैशाखात पानी मचूळ होते इथलं."

"माहीत आहे. मी तिकडे गेले होते तेव्हा निखिलच्या आईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं. देवळाकडची विहीरही दाखवली. मी एक कळशी आणून पाहिली, अर्धी सांडली."

"मग मले कावून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंच नाही. तुम्ही म्हणालात, मी पाहून सांगतो." मग तिनंच विचारलं, "तुम्ही नाही म्हणाल का?"

तिचा आवाज खाली गेला होता. इतक्या वर्षांत तो आवाज मी दोन-तीनदाच ऐकला असेल. मी म्हणालो, "नाही नाही म्हणत." मग ते तिला नीट समजलं नसेल म्हणून परत सांगितलं, "हो म्हणून राह्यलो मी."

सोमवार, परत निघताना

सकाळी ओटीवर सगळे जमले. मी अण्णांना सांगितलं की आमच्याकडून होकार आहे. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. निखिलच्या आईंनी शोभाच्या ओटीत नारळ घातला. निखिल म्हणाला, टाकीचं काम पाऊस पडायच्या आत करतो. त्याची आई म्हणाली, "हे मी दोन पावसाळे ऐकतेय," आणि तो लाजला.

मग अण्णांनी विचारलं, "आम्ही तुमच्याकडे कधी येऊ? आम्हालाही मुलीचं घर बघायला हवं."

आमच्या गावात पाहुण्यांना बोलवायचा काळ ठरलेला आहे. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. तेव्हा हरभरा हिरवागार असतो, हवा थंड असते, हुरड्याच्या पार्ट्या असतात, आणि पाण्याचे जार मागवून माठात ओतले की कोणाला काही कळत नाही. सोयरिकी आम्ही याच दिवसांत जुळवतो. शोभा तेच सांगणार होती. तिचे ओठ हललेही होते.

मी म्हणालो, "वैशाखात या."

निखिलच्या आईंनी माझ्याकडं नीट पाहिलं. अण्णा म्हणाले, "वैशाखात तुमच्याकडे ऊन केवढं असतं, टीव्हीवर दाखवतात."

"असते," मी म्हणालो. "दुपारी घराबाहेर पडता येत नाही. विहीरही तळाला गेलेली असते. या तेव्हाच."

निखिलच्या आई म्हणाल्या, "येतो."

 एस.टी.त शोभा खिडकीजवळ बसली, ओटीतला नारळ मांडीवर नीट ठेवला. गाडी गाव सोडून चढाला लागल्यावर म्हणाली, "कूलरच्या वाळ्याच्या ताट्या नव्या आना लागन."